शेषराव वाघ, ओ निगेटिव्ह

एका शुक्रवारी सकाळी साडेदहा वाजता मी कीबोर्डवरची वरच्या बाणाची कळ दाबली, एन्टर मारला, आणि आमच्या दवाखान्याच्या यादीतले सगळे खरे रक्तदाते बाजूला सारून त्यांच्या जागी मी मनाने रचलेली माणसं बसवली. तीन तास कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या तर मुळीच नाही. मी पोहे खात होतो.

नोकरीतलं एखादं लक्षात राहण्यासारखं काम लिहा, असं संपादकांनी कळवलं होतं. लक्षात राहण्यासारखं म्हणाल तर हे एवढंच. ज्यांच्या लक्षात राहिलं ते सगळे आज हयात आहेत, हेच माझं नशीब.

मी एका धर्मादाय दवाखान्यात कम्प्युटरवाला होतो. मोठा दवाखाना पांढुर्ण्याला, धाकटा सौसरला, आणि रक्तपेढी सौसरच्या दवाखान्यात. आधी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये बोटं बडवत होतो. मग दवाखान्यात पहिला कम्प्युटर आला आणि 'मेश्रामले टायपिंग येते' एवढ्या भांडवलावर मला त्याच्यासमोर बसवलं. प्रिंटरमध्ये कागद अडकला, मेश्रामला बोलवा. डॉक्टरसाहेब पासवर्ड विसरले, मेश्रामला बोलवा. पंखा बंद पडला तरी एकदा मेश्रामलाच बोलावलं होतं, आणि मी गेलो होतो.

या सगळ्यात माझं लाडकं काम म्हणजे रक्तदात्यांची यादी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पांढुर्ण्यात गोटमार असते, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगडफेक. त्या दिवशी दवाखान्याला काय काय लागतं, हे बाहेरच्यांनी विचारू नये आणि गाववाल्यांना सांगू नये. म्हणून ही यादी जपायची. कोणाचा गट कोणता, राहतो कुठे, फोन काय, शेवटचं रक्त कधी दिलं. या यादीने मला माणसंही भारी दाखवली. एक जण दर महिन्याला येऊन विचारायचे, "माझा नंबर लागला का?" त्यांचा गट सगळ्यांत जास्त सापडणारा, त्यामुळे त्यांना बोलवायची वेळच यायची नाही. एके दिवशी चिडून म्हणाले, "मेश्रामभाऊ, मले कोणी बोलावूनच नाही राहिलं. माझा ग्रुप बदलवून द्या बरं तुमच्या मशीनमधी." मी म्हटलं, मशीनमध्ये बदलतो, अंगातला कोण बदलवणार? तर म्हणाले, "तुमचं मशीन मग काय कामाचं?"

आता मी केलेला घोटाळा कळावा म्हणून चार ओळी धंद्याच्या सांगतो.

सौसरच्या रक्तपेढीत टेबलावर जो कम्प्युटर आहे, त्याच्या पोटात ती यादी नाही. यादी पांढुर्ण्याच्या एका मशीनमध्ये राहते. सौसरचा कम्प्युटर म्हणजे नुसता निरोप्या. त्याच्या खिशात एक चिठ्ठी असते. कोणत्या मशीनकडे जायचं, कोणत्या दारातून शिरायचं, आत कोणती वही उघडायची आणि पहारेकऱ्याला कोणता पासवर्ड सांगायचा. चिठ्ठी चुकली तर निरोप्या हात हलवत परत येतो, 'जोडणी झाली नाही' म्हणतो, आणि सगळ्यांना कळतं. पण चिठ्ठीत पत्ता बरोबर आणि वही तेवढी भलती लिहिली, तर तो आनंदाने ती भलती वही उघडतो आणि 'जोडणी यशस्वी' म्हणून सांगतो. त्याला काय, त्याला दार उघडलं म्हणजे झालं.

ही चिठ्ठी बदलायला माऊस लागत नाही. एक काळी खिडकी उघडायची आणि तिच्यात एक लांब ओळ लिहायची. पांढुर्ण्यात बसून मी त्या काळ्या खिडकीतून सौसरच्या कम्प्युटरमध्ये शिरत असे. काळ्यावर पांढरी अक्षरं सरसर उमटायची, नर्सा मागे उभ्या राहून पाहायच्या आणि मला आपण कोणी तरी मोठे सर्जन आहोत असं वाटायचं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. एरवी कम्प्युटर प्रत्येक गोष्टीला 'नक्की ना?' म्हणून विचारतो. काळी खिडकी विचारत नाही. सांगितलं की करून मोकळी. आणि तिला आधीच्या ओळी पाठ असतात. वरच्या बाणाची कळ दाबली की मागे लिहिलेली ओळ जशीच्या तशी पुढे उभी. आळशी माणसासाठी याच्यासारखं सुख नाही.

पोळा पंधरा दिवसांवर आला होता. यादीचं जुनं मशीन धापा टाकत होतं, म्हणून नवीन आणलं. नवीन मशीनमध्ये मी दोन वह्या ठेवल्या. एकीचं नाव 'असल', तिच्यात खरे रक्तदाते. दुसरीचं 'सराव', तिच्यात माझे.

माझे म्हणजे असे. नवी सोय करताना आधी खोट्या माणसांवर करून पाहायची, हा धंद्याचा नियम. उन्हाळ्यातच मी चाळीसेक माणसं रचून ठेवली होती. नुसतं 'अमुक एक, तमुक दोन' लिहिलं असतं तरी चाललं असतं, पण मग मी कसला! प्रत्येकाला नाव, गाव, वय, वजन. शेषराव वाघ, रा. बोरगाव, ओ निगेटिव्ह, हा माझा सगळ्यांत आवडता. फोन नंबर मात्र खरे घालावे लागले, कारण यादीतून 'रक्तदानाबद्दल आभार' असा संदेश जातो की नाही तेही तपासायचं होतं. खरे म्हणजे घरचे. शेषराव वाघाला माझा दुसरा नंबर दिला, जो बायको सोडून कोणाला ठाऊक नाही. आणि एका माणसाला नाव, गाव, नंबर, सगळंच खरं दिलं. ते माझे सासरे.

मामाजी मोहगावचे, निवृत्त मास्तर, वय सत्तर. सुईला असे भितात की धनुर्वाताच्या इंजेक्शनाला चौघांनी धरावं लागलं होतं. त्यांना मी वहीत नावापुढचं 'गुरुजी' तेवढं ठेवून अठ्ठावीस वर्षांचं केलं, वजन ऐंशी किलो, ओ निगेटिव्ह, आणि रक्तदान चाळीस वेळा. एकटाच बसून पोट धरधरून हसलो. सगळ्यांत जास्त रक्तदान केलेला माणूस यादीत सगळ्यांत वर दिसतो, त्यामुळे मामाजी पहिल्या नंबरवर.

त्या शुक्रवारी सकाळी सौसरची चिठ्ठी बदलायची होती. आधी 'सराव' वहीची ओळ चालवून पाहिली. झकास चालली. आता तीच ओळ परत आणायची, शेवटचा शब्द खोडून 'असल' लिहायचं, आणि एन्टर. मी वरचा बाण दाबला. ओळ आली. तेवढ्यात कॅन्टीनमधून हाक आली, "मेश्रामभाऊ, पोहे थंडे होऊन राहिले!" मी एन्टर मारला आणि उठलो.

शेवटचा शब्द खोडायचा राहिला. खिडकी म्हणाली, 'जोडणी यशस्वी'. जाता जाता सौसरच्या लताताईंना फोन करून रुबाबात सांगितलं, "प्रोग्राम एकदा बंद करून चालू करा. आता पाहा कसा पळते." लताताई म्हणजे रक्तपेढीच्या टेक्निशियन. त्यांनी बंद करून चालू केला आणि म्हणाल्या, "हो बापा, पळून तर राहिला."

दुपारी दीड वाजता माझा दुसरा फोन वाजला. तो फक्त बायकोच्या कामाचा, म्हणून मी घास तोंडात असतानाच 'काय आणायचं?' म्हटलं.

"हॅलो, शेषराव वाघ बोलून राहिले का?"

मी घास तोंडातच ठेवला. आयुष्यात पुष्कळ धक्के खाल्लेत, पण स्वतः जन्माला घातलेल्या माणसासाठी फोन यावा, याच्यासारखा धक्का नाही. पहिल्यांदा वाटलं, असेलही बोरगावला कोणी शेषराव वाघ.

"हॅलो? वाघभाऊ, मी सौसरच्या रक्तपेढीतून बोलून राहिली. तुमचा ओ निगेटिव्ह आहे नं? एक बाळंतीण अडली आहे, बोरगावचीच आहे, तुमच्याच गावची. लवकर येता का?"

आवाज लताताईंचा. काळ्या खिडकीतली ती ओळ डोळ्यांसमोर उभी राहिली आणि तिचा शेवटचा शब्द मला आता, तीन तासांनी, पहिल्यांदा वाचता आला.

"लताताई," मी म्हटलं, "मी मेश्राम."

"मेश्रामभाऊ? तुम्ही वाघाच्या घरी काय करून राहिले?"

"वाघ नाही," मी म्हटलं. "वाघ नाहीच्चे. तो मीच."

एकदम खालच्या आवाजात त्या म्हणाल्या, "भाऊ, ही मजाक कराची वेळ नाही. कविता नाव आहे पोरीचं, पहिलं बाळंतपण आहे. रक्त थांबून नाही राहिलं. फ्रीजमधी तिच्या गटाची एकच पिशवी होती, ते लावली. दुसरी पायजे. नागपूरहून मागवली, पण ते कधी येईन? डॉक्टर मॅडम दर पाच मिनटाले विचारून राहिल्या. तिचा नवरा माझ्यासमोर उभा आहे."

मी एका श्वासात सगळं सांगितलं. यादी खोटी आहे, माणसं खोटी आहेत, मी केलं आहे.

"सगळी खोटी?" त्या ओरडल्या. "अन् ते पहिल्या नंबरचे गुरुजी? चाळीस वेळा रक्त दिलेले? ते तर निघाले मोहगावहून."

माझ्या हातातला डबा खाली पडला. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. खरोखर पडला आणि वरण माझ्या पायावर सांडलं.

कम्प्युटरपर्यंत कसा गेलो आठवत नाही. काळी खिडकी उघडली. या वेळी बाण दाबला नाही. अख्खी ओळ एकेक अक्षर करून लिहिली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा लिहून मोठ्याने वाचली आणि एन्टर मारला. 'जोडणी यशस्वी'. हेच दोन शब्द, तोच शांतपणा, सकाळच्यासारखाच. त्या क्षणी मला त्या खिडकीची भीती वाटली. एका गावाची यादी काढून घेतली काय आणि परत दिली काय, तिला दोन्ही सारखंच.

"झालं, लताताई. पाहा."

"अजून तोच वाघ दिसून राहिला!"

मी डोक्याला हात लावला. निरोप्या चिठ्ठी एकदाच वाचतो, प्रोग्राम उघडताना. नवी चिठ्ठी खिशात घातली तरी तो जुन्याच घरात बसून असतो. "बंद करा. परत चालू करा."

"थांबा. पहिले तुमचे हे गुरुजी छापून घेते, पुरावा म्हणून," त्या म्हणाल्या. तेवढ्या घाईत त्यांनी ते केलं, यावरून बाई काय आहे ते ओळखा. मग प्रोग्राम बंद केला, चालू केला. मी फोन कानाला लावून त्यांच्या कम्प्युटरचा पंखा ऐकत होतो.

"आले," त्या म्हणाल्या. "खरे आले. ओ निगेटिव्ह तीन."

पहिल्याचा फोन बंद. दुसऱ्याने मागच्याच महिन्यात रक्त दिलेलं, त्याला आता चालणार नाही. तिसरा तिगावचा, सुखदेव, रेल्वे फाटकावर ड्युटी. माझा फोन तसाच चालू ठेवून लताताईंनी दुसऱ्या फोनवरून त्याला लावला. तो म्हणाला, बदलीचा माणूस दोन वाजता येतो, मग मी मोकळा, पण गाडी नाही. पुढचं मी ऐकलंच नाही. मी स्कूटरला किक मारत होतो.

तिगावला पोचलो तेव्हा फाटक बंद होतं आणि सुखदेव हातात झेंडी घेऊन उभा होता. मालगाडी जात होती. ती मालगाडी संपेना. मी अलीकडे, तो पलीकडे, मध्ये डबे. मी मोजायला लागलो आणि मध्येच सोडून दिलं, कारण प्रत्येक डब्याबरोबर मला फ्रीजमधली ती एकच पिशवी थोडी थोडी रिकामी होताना दिसत होती. गाडी गेली, बदलीचा माणूस आला, सुखदेवने रजिस्टरवर सही केली, आणि पहिलंच वाक्य बोलला, "जेवण झालं माझं. उपाशी चालत नाही नं?" शहाणा माणूस.

रस्त्यात त्याने विचारलं, "तुम्ही रक्तपेढीचे का?"

माणूस मागे बसला असला की खरं बोलणं सोपं जातं. मी त्याला सगळं सांगून टाकलं. वाघ, मामाजी, बाण, पोहे. खांद्यावर हात ठेवून त्याने काळजीने विचारलं, "पण भाऊ, मी तर खरा आहो नं?"

"तू खरा आहेस बापा," मी म्हटलं. "तूच खरा आहेस."

सौसरला पोचलो तेव्हा दारातच कविताचा नवरा होता. तो माझ्याकडे आला नाही, सरळ सुखदेवकडे गेला आणि त्याचा हात धरून आत घेऊन गेला. मला त्याने पाहिलंही नाही, ते बरं झालं. मी कोण, हे त्या वेळी कोणी सांगितलं असतं तर मी तिथे उभा राहू शकलो नसतो.

व्हरांड्यातल्या बाकावर मामाजी बसले होते. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, आणि डाव्या हाताच्या बोटावर कापसाचा बोळा.

"जयभीम, जावईबापू," ते म्हणाले.

मला 'जयभीम' म्हणतानाही तोंड वर करता आलं नाही.

लताताईंनीच मग सांगितलं. मामाजी कोणाच्या तरी मोटरसायकलवर बसून माझ्या आधी तासभर पोचले होते. अठ्ठावीस वर्षांच्या पहिलवानाची वाट पाहणाऱ्या लताताईंसमोर हे उभे. "गुरुजी, तुमच्या वयात रक्त घेत नाहीत," त्या म्हणाल्या. तर मामाजींनी हात पुढे केला. "गट तर पाहून घ्या. उपयोगी पडन तर नियमाचं मागून पाहू." बोट टोचलं. बी पॉझिटिव्ह निघाला.

"पण मामाजी, तुम्ही आलेच कसे?" मी विचारलं. "तुम्ही जन्मात कधी रक्त दिलं नाही."

"मलाही तसंच वाटत होतं," मामाजी म्हणाले. "पण उन्हाळ्यापासून फोनवर आभाराचे संदेश येऊन राहिले. रक्तदानाबद्दल धन्यवाद, रक्तदानाबद्दल धन्यवाद. मी म्हटलं, एवढे लोक आभार मानून राहिले म्हणजे माझ्या नकळत कोणी काढून घेतलं असन. त्यात या बाईंचा फोन आला. पोरगी अडली आहे म्हणाल्या. मग सुईचं काय घेऊन बसता?"

मी त्यांच्या शेजारी बसलो. ज्या भीतीवर मी हसलो होतो, तिला ते घरी ठेवून आले होते. आणि मी, ज्याला काळ्या खिडकीची भीती वाटायला हवी होती, तो पोह्यांच्या हाकेला उठलो होतो.

सुखदेवचं रक्त काढलं, तपासलं, जुळवलं. त्यात जो वेळ गेला तो मी फरशीचे तुकडे पाहण्यात घालवला. मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. त्यांनी तोंडावरची पट्टी काढली आणि म्हणाल्या, "दोघी ठीक आहेत." दोघी. म्हणजे मुलगी झाली होती. कविताचा नवरा आत धावला. नागपूरची पिशवी त्यानंतर आली, आणि ती फ्रीजमध्ये ठेवली गेली. मॅडमना नंतर मी स्वतः सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. फक्त माझ्याकडे पाहत राहिल्या, आणि ते पाहणं मला निवृत्तीपर्यंत पुरलं.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी काळ्या खिडकीत वरचा बाण दाबला नाही. 'असल' वहीची खिडकी लाल केली, कुंकवासारखी. चिठ्ठी बदलली की लताताईंना फोनवर यादीतलं पहिलं नाव मोठ्याने वाचायला लावायचं, आणि ते नाव ओळखीच्या जिवंत माणसाचं निघालं तरच खुर्चीतून उठायचं. सरावाच्या वहीत आता 'खोटा एक', 'खोटा दोन' असे लोक राहतात. शेषराव वाघाला मी स्वतःच्या हाताने खोडलं. खोडताना, खोटं कशाला बोलू, थोडं वाईट वाटलं.

पण त्या दिवशीचं एक राहिलं. आम्ही निघत होतो. सुखदेव बाकावर बिस्कीट खात होता, कविताचा नवरा त्याच्यासाठी चहा घेऊन आला होता. लताताईंनी टेबलावरचा तो छापलेला कागद उचलला आणि 'पाहा तुमच्या जावयाची करामत' म्हणत मामाजींच्या हातात दिला. मामाजींनी चष्मा लावला. मास्तर पेपर तपासतात तसं बोट ठेवून वाचायला लागले. वय अठ्ठावीस. वजन ऐंशी. गट ओ निगेटिव्ह. रक्तदान चाळीस वेळा. शेवटपर्यंत वाचलं, कागदाची नीट घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली, आणि व्हरांड्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात म्हणाले,

"जावईबापू, एवढं सगळं मनानंच लिहून राहिले होते, तर माझ्या पोरीले नवरासुद्धा जरा बरा लिहाचा होता."